बांधकाम परवानगीच्या नोंदींतून काम कसं शोधायचं: कोणता कागद कधी बघायचा आणि कुणाला भेटायचं

पुण्यात धायरी-नऱ्हे भागात माझं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे. पहिली काही वर्षं सगळं काम ओळखीवर चाललं. ओळखीचं काम चांगलंच असतं, पण येतं तेव्हा एकदम येतं, आणि थांबलं की कारागिरांना दोन-दोन महिने बसवून पगार द्यावा लागतो. म्हणून मी बांधकाम परवानग्यांच्या नोंदी बघायला लागलो.

सुरुवातीलाच एक काम हातचं गेलं. एका बंगल्याला कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र), म्हणजे आपण ज्याला 'सीसी' म्हणतो ते, मिळाल्याचं नोंदीत दिसलं. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेलो तर गुडघाभर गवत. शेजाऱ्यांकडून मालकांचं घर कळलं. ते म्हणाले, "अहो, अजून भूमिपूजन व्हायचंय. खिडक्यांचं आत्ता काय बोलणार?" मी कार्ड देऊन निघालो आणि तो विषय मागे पडला. दहा महिन्यांनी त्याच रस्त्याने जाताना बघितलं, तर खिडक्या बसत होत्या. दुसऱ्या कुणाच्या तरी.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की केली. परवानगीची तारीख ही आपल्या कामाची तारीख नसते. नोंद कुणालाही मिळते. त्या नोंदीवरून आपला धंदा साइटवर नेमका कधी लागणार हे काढता आलं, तरच तिचं काम होतं. पुढचं सगळं त्याच हिशोबाबद्दल आहे.

कागद कोणते आणि त्यांचा अर्थ काय

महाराष्ट्रात बांधकामाची परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली मिळते. नकाशे मंजूर होतात, सीसी मिळतं, जोत्यापर्यंत (पायावरच्या चौथऱ्यापर्यंत) काम आल्यावर जोते तपासणी होते, आणि इमारत पूर्ण झाली की भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. मुंबईत सीसीच्या आधी 'आयओडी' (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) येते. नावात 'डिसअप्रूव्हल' असलं तरी ती अटींसह मिळालेली मंजुरीच असते. तिथे सीसीसुद्धा बऱ्याचदा आधी जोत्यापर्यंत आणि मग पुढच्या मजल्यांसाठी असं टप्प्याटप्प्याने मिळतं.

याच कायद्याच्या कलम 48 प्रमाणे परवानगी एक वर्ष चालते. नंतर दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते, आणि अशी वाढ जास्तीत जास्त तीन वर्षं मिळते. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. दोन वर्षांपूर्वीची नोंद दिसली आणि मुदतवाढीचा पत्ता नसेल, तर ती जागा बहुधा अडकलेली आहे. उलट एकाच सर्व्हे नंबरवर 'सुधारित मंजुरी' दिसली तर लक्ष द्या. ज्याला खरंच बांधायचं असतं तोच नकाशे बदलून घेण्याचा खर्च करतो.

सीसी निघालं म्हणजे इमारत होणारच असं नाही. कुणी बँकेच्या कर्जासाठी परवानगी काढून ठेवतो, कुणी परवानगीसह जमीन विकायला. जोते तपासणी झालेली असेल तर मात्र पैसा जमिनीत गेलेला असतो. मी सीसीला शक्यता म्हणतो आणि जोत्याला खात्री.

आपला धंदा कोणत्या टप्प्यावर लागतो

इथे घाई करू नका. कागद-पेन घेऊन बसा आणि स्वतःच्या मागच्या पाच-सहा कामांचा हिशोब काढा. सीसीची तारीख काय होती, ऑर्डर कधी ठरली, प्रत्यक्ष काम कधी सुरू झालं? या तीन तारखा समोर आल्या की तुमचं स्वतःचं वेळापत्रक तयार होतं.

माझं असं निघालं. तळमजला आणि वर एक मजला असा बंगला असेल, तर सीसीपासून जोतं व्हायला दोन-तीन महिने जातात. दोन्ही स्लॅब पडायला आणखी तीन-चार. खिडकीचं माप मी ग्रॅनाइटची फ्रेम बसल्याशिवाय घेत नाही, कारण प्लास्टरच्या जाडीत अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तरी स्लायडिंगचा ट्रॅक तिरका बसतो आणि पावसात पाणी आत येतं. पण ऑर्डर त्याच्या बरीच आधी ठरते. शेवटचा स्लॅब पडून वीटकाम चालू असतं, तेव्हा मालक आणि आर्किटेक्ट डोमल (ॲल्युमिनियमचा सेक्शन) घ्यायचं की युपीव्हीसी (प्लास्टिकचा), तीन ट्रॅक की दोन, जाळी हवी का, हे बोलायला लागतात. माझी भेट तेव्हाच व्हायला हवी. म्हणजे सीसीनंतर साधारण पाचवा ते सातवा महिना, आणि मधे पावसाळा आला तर आणखी पुढे.

तुमचा धंदा वेगळा असेल तर गणितही वेगळं. खोदाईचा जेसीबी, सेंट्रिंगचा (स्लॅबचा साचा बांधणारा) गट, सिमेंट-स्टीलचा पुरवठादार यांना सीसीच्या आठवड्यातच पोचावं लागतं. इलेक्ट्रिशियन इथे फार चुकतात. त्यांना वाटतं, आपलं काम प्लास्टरच्या वेळचं. पण स्लॅबमधले पाइप काँक्रीट ओतायच्या आधी टाकावे लागतात, म्हणून पहिला स्लॅब भरायच्या आतच इलेक्ट्रिशियन ठरलेला असतो. वाळवीप्रतिबंधक फवारणीवाल्यांचंही तसंच. जोत्यातली फवारणी फरशीखालचं काँक्रीट पडायच्या आधी होते, त्यामुळे जोते तपासणीचा कागद बघून निघालेला माणूस उशिराच पोचतो. लिफ्टवाल्याला त्याहून आधी जावं लागतं. लिफ्टच्या खड्ड्याचं आणि विहिरीचं माप आराखड्यातच ठरतं. संडास-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग सन्कमध्ये (तिथल्या खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये) भराव पडायच्या आधीचं.

फर्निचर, फॉल्स सीलिंग, पडदे, गॅलरीची जाळी, इनव्हिजिबल ग्रिल ही कामं करणाऱ्यांनी सीसीच्या यादीत वेळ घालवूच नये. त्यांनी भोगवटा प्रमाणपत्रांची यादी धरावी. चाव्या हातात पडल्या की महिनाभरात एका इमारतीत वीस-पंचवीस घरांचं काम निघू शकतं.

हद्द कुणाची?

आपल्या भागात परवानगी कोण देतं हे आधी पक्कं करा. पुण्याच्या आसपास पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहेत. एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी स्वतः परवानगी देते. नवी मुंबईकडे सिडको, मुंबईत महापालिकेबरोबर म्हाडाच्या वसाहतींसाठी म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसनासाठी एसआरए. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी कार्यालयं असू शकतात. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, तेव्हा सीमेवरच्या गावांत कुणाकडे जायचं याचा आम्हा लोकांचा बराच गोंधळ झाला होता. जुन्या फाइली एका कार्यालयात आणि नवीन दुसरीकडे, असं होऊ शकतं. संबंधित क्षेत्रीय कार्यालयात एकदा तोंडी विचारून घेतलं की फुकटच्या चकरा वाचतात.

नियमांचं म्हणाल तर मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून राज्यात डिसेंबर 2020 पासून एकच एकत्रिकृत नियमावली लागू आहे. लोक तिला 'युडीसीपीआर' म्हणतात. सगळी वाचायची गरज नाही, पण लहान भूखंडांसाठी परवानगीची पद्धत सोपी केली आहे ते प्रकरण नजरेखालून घाला. छोट्या बंगल्यांची परवानगी झटपट निघते, म्हणून त्यांच्या नोंदी वरचेवर बघाव्या लागतात.

मोठ्या इमारती: महारेरा

माझं निम्मं काम महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर होतं, आणि त्यासाठी एक रुपया लागत नाही. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर विक्रीसाठीच्या प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. 1 मे 2017 पासून हे सुरू आहे. जिल्हा, तालुका किंवा पिनकोड टाकून शोधता येतं.

प्रकल्पाचं पान उघडलं की बहुतेक जण बिल्डरचं नाव बघून बंद करतात. खाली जा. आर्किटेक्ट कोण, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, मंजूर नकाशे, सीसीची प्रत, पूर्ण करण्याची तारीख हे सगळं तिथे असतं. सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे इमारतनिहाय कामाची टक्केवारी. आर्किटेक्ट जे प्रमाणपत्र देतो त्यात खोदाई, तळघर व जोतं, पोडियम, स्टिल्ट, स्लॅबची संख्या, मग आतल्या भिंती, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, त्यानंतर सॅनिटरी आणि विजेची फिटिंग, जिने, लिफ्टची विहीर, बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग असे टप्पे ओळीने दिलेले असतात. ही माहिती बिल्डरने दर तिमाहीला अद्ययावत करायची असते.

आता तुमच्या धंद्याच्या ओळीवर बोट ठेवा. समजा एका इमारतीत स्लॅबसमोर 80 टक्के आहे, आणि भिंती-प्लास्टर-खिडक्यांच्या ओळीत 5 टक्के. माझ्यासाठी हीच वेळ. स्लॅब 20 टक्के असेल तर मी त्या प्रकल्पासमोर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहितो. खिडक्यांच्या ओळीत 40 दिसलं तर त्या इमारतीचा नाद सोडतो, पण त्याच प्रकल्पाची 'बी' किंवा 'सी' इमारत कुठवर आलीय ते बघतो. टक्केवारी तीन महिने जुनी असू शकते हे मात्र ध्यानात ठेवा. साइटवरून एक चक्कर मारली की खरं काय ते दिसतं.

रस्त्यावरच्या जाहिरातींचाही उपयोग करा. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड लावणं बंधनकारक आहे. सिग्नलला थांबल्यावर होर्डिंगचा फोटो काढा आणि घरी येऊन स्कॅन करा. मी तर मुलाला मागे बसवून फोटो काढायला लावतो.

फार मोठ्या प्रकल्पांसाठी आणखी एक जागा आहे. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्याची माहिती केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर मिळते. पण तिथे लहान वर्कशॉपवाल्याने फार वेळ घालवू नये. असली कामं मोठ्या कंपन्यांकडे जातात आणि पैसेही उशिरा सुटतात.

बंगले आणि लहान इमारती: महापालिकेच्या नोंदी

बंगला, रो-हाउस, सहा फ्लॅटची इमारत महारेरावर सापडणार नाही. त्यासाठी महापालिका किंवा नगरपरिषदेकडेच जावं लागतं. वेबसाइटवर बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागाचं पान शोधा. काही ठिकाणी परवानग्यांची यादी असते, काही ठिकाणी फाइल क्रमांकावरून शोधता येतं. बऱ्याच नगरपालिका आता राज्याच्या ऑनलाइन प्रणालीतून परवानग्या देतात.

ऑनलाइन काहीच मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत. अर्ज कसा लिहिता याला फार महत्त्व आहे. एका बिल्डरची पूर्ण फाइल मागितली, की कार्यालयात आणि त्या बिल्डरच्या मनातही शंका येते. असे अर्ज करून पुढे त्रास देणारे लोक आहेत, त्यामुळे त्यांचा संशयही समजण्यासारखा आहे. म्हणून नोंदवहीची माहिती मागा. मी असं लिहितो: "अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत 1 एप्रिल ते 30 जून या काळात दिलेल्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रांची यादी. क्रमांक, दिनांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, वापर, बांधकाम क्षेत्र, परवानाधारक वास्तुविशारद अथवा अभियंत्याचं नाव." मालकांचे फोन नंबर मागू नका. ते मिळणार नाहीत, आणि मिळू नयेतही.

अशीच माहिती कार्यालयातल्या कुणाला 'चहापाणी' देऊन दर महिन्याला काढणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. जी माहिती कायद्याने आपल्याला मिळते ती विकत घेतली, की पुढे प्रत्येक कागदाला पैसे द्यावे लागतात.

सर्व्हे नंबरवरून जागा शोधणं

नवा माणूस इथे हमखास अडकतो. यादीत पत्ता नसतो. असतं ते असं: "स. नं. 12/3/1, प्लॉट नं. 7, निवासी, 214 चौ. मी." एवढ्यावरून साइट कशी शोधायची?

भूमी अभिलेख विभागाच्या 'महाभूनकाशा' संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट किंवा सर्व्हे नंबर टाकला की नकाशावर तुकडा दिसतो. शेजारचे नंबर, रस्ता, ओढा बघा आणि तोच आकार उपग्रह नकाशावर शोधा. ओढ्याचं वळण किंवा तिरकस बांध सापडला की जागा सापडलीच. शहराच्या जुन्या भागात सिटी सर्व्हे नंबर चालतो, तिथे मिळकत पत्रिका बघावी लागते. एकदा सापडलं की मोबाइलच्या नकाशावर पिन टाकून ठेवा, आणि पिनच्या नावात सीसीची तारीख लिहा.

मग साइटवर जा. परवानगीचा तपशील असलेला फलक लावणं बंधनकारक आहे. त्यावर मालक, आर्किटेक्ट, परवानगीचा क्रमांक आणि तारीख असते. फोटो घ्या. नंतर पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा. विटांचा ढीग आलाय का? सेंट्रिंग उतरवलंय का? खिडकीच्या वर लिंटेल (काँक्रीटची आडवी पट्टी) पडलाय का? वॉचमनशी दोन शब्द बोला. ठेकेदार कोण आणि साइटवर कधी येतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. फलकच नसेल तर परवानगीबद्दल शंका म्हणून मी ती जागा लाल रंगात नोंदवतो.

भेटायचं कुणाला

मालकाला थेट फोन करण्याआधी यादीतलं एक नाव बघा, आर्किटेक्टचं. पन्नास नोंदी समोर मांडल्या की तीच सात-आठ नावं पुन्हा पुन्हा येतात. एका मालकाकडे एकच बंगला असतो, आर्किटेक्टकडे वर्षाला दहा-पंधरा. मी आठवड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसला जातो, सेक्शनचे नमुने बॅगेत घेऊन. बोलणं साधं ठेवतो: "नमस्कार सर, मी नऱ्ह्याहून आलोय, खिडक्यांचं काम करतो. आपल्या अमुक भागातल्या साइटचं शेवटचं स्लॅबचं काम झालेलं बघितलं. खिडक्यांचं अजून ठरलं नसेल तर दोन मिनिटं नमुना दाखवू का?" या एका वाक्यातून त्यांना कळतं, की हा माणूस साइट बघून आलाय, आंधळेपणाने फिरत नाहीये. बहुतेक जण बसा म्हणतात.

मालक स्वतः साइटवर भेटले तर काका, ताई, साहेब असं वयाप्रमाणे बोलायचं आणि दर लगेच सांगायचा नाही. घर बांधणारा माणूस आयुष्यात एकदाच बांधतो, आणि दहा जण त्याच्यामागे लागलेले असतात. "दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा कमी आहे, पावसाचं पाणी येईल, तिथे ट्रॅकला जादा भोकं ठेवावी लागतील." असं काही खरं दिसलं तर सांगा. नाही दिसलं तर कार्ड द्या आणि निघा. यादीतल्या सगळ्यांना एकगठ्ठा मेसेज टाकण्याचा प्रकार मी करत नाही. त्यातून काम मिळत नाही, आणि ज्यांच्या नावाची नोंद आपण बघतो त्यांच्यावर तो अन्याय आहे.

माल टाकण्याआधी कागद पडताळा

हा मुद्दा जीव तोडून सांगतो. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींना बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळाल्याचं उघड झालं, आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यात घरं घेतलेल्या कुटुंबांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी वाचलं. अशा इमारतींत उधारीवर माल टाकणाऱ्यांचीही बाकी अडकते, पण त्यांची बातमी होत नाही.

म्हणून मोठी ऑर्डर असेल तर महारेरावरची सीसीची प्रत घ्या आणि तिचा क्रमांक महापालिकेच्या नोंदीशी जुळतो का ते बघा. मंजूर नकाशात किती मजले आहेत आणि साइटवर किती चढलेत, तेही मोजा. मंजुरी चार मजल्यांची आणि सहावा स्लॅब चालू असेल, तर मी उधारीवर काम घेत नाही. माप घेतल्यावर ॲडव्हान्स, माल साइटवर आल्यावर दुसरा हप्ता, बसवल्यावर उरलेले. हे कागदावर लिहून सही घेतो, ओळखीचा असला तरी.

वही आणि आठवडा

मला कोणतंही सॉफ्टवेअर लागलं नाही. मोबाइलमधली एक शीट पुरते. रकाने असे: हद्द, सर्व्हे नंबर, सीसीचा क्रमांक व तारीख, बांधकाम क्षेत्र, आर्किटेक्ट, साइटवर शेवटचं काय दिसलं, ते कोणत्या तारखेला, आणि पुढची भेट. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. बंगल्याची नोंद आली की मी सीसीच्या तारखेत पाच महिने मिळवून तिथे टाकतो आणि शीट त्या रकान्याप्रमाणे लावतो. या आठवड्यात कुठे जायचं ते आपोआप वर येतं. त्या पहिल्या बंगल्याच्या वेळी हा एक रकाना असता, तर ते काम गेलं नसतं.

सोमवारी सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी तासभर नवीन नोंदी बघतो. बुधवारी दुपारी एका आर्किटेक्टकडे. शनिवारी कारागीर पगार घेऊन गेले, की गाडी काढून एका बाजूच्या पाच-सहा साइट: एक आठवडा किरकटवाडी-खडकवासला, पुढचा आंबेगाव-कात्रज. परत आल्यावर हात धुवायच्या आधी शीट भरतो, कारण रविवारपर्यंत कोणत्या साइटचा लिंटेल पडला होता आणि कोणत्या साइटचा नाही, हे विसरायला होतं.